कपडे उतरतात तिथे नियम सुरू होतात

दारावरच्या बाईंनी आमच्याकडे सगळ्यात आधी मागितली ती ओळखपत्रं. मग एक अर्ज, मग दुसरा, मग दोन पानी नियमावली वाचून खाली सही. मग त्यांनी हात पुढे केला आणि फोन मागितले. दोन्ही फोनच्या कॅमेऱ्यांवर, पुढच्या आणि मागच्याही, त्यांनी लाल रंगाचे छोटे स्टिकर चिकटवले आणि अगदी शांतपणे सांगितलं, की आत असताना हे निघालेले दिसले तर त्याच क्षणी तुमचं सामान दाराबाहेर. या सगळ्यात अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात आमच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्या स्वतः गळ्यातल्या किल्ल्यांच्या जुडग्याखेरीज काहीही न घालता बसल्या होत्या, एवढंच.

न्यूडिस्ट रिसॉर्टला, त्यातही 'सहकुटुंब' अशी पाटी लावलेल्या रिसॉर्टला, पहिल्यांदा जाणारा माणूस मनात एक चित्र घेऊन जातो. ते चित्र मोकाट स्वैराचाराचं असतं. कुणाला त्याचं कुतूहल असतं, कुणाला शिसारी. दोघांचाही तिथे मुखभंग होतो, कारण इतके नियम मी दुसऱ्या कुठल्याही सुट्टीच्या ठिकाणी पाहिलेले नाहीत. जिथे बसाल तिथे आधी स्वतःचा टॉवेल अंथरायचा, मग ती खुर्ची असो, बाक असो की गवत. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. कुणाच्या शरीराबद्दल बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. आडनाव, नोकरी, गाव असं काही समोरच्याने आपणहून सांगितल्याशिवाय विचारायचं नाही. लैंगिक वागणूक, मग ती नवरा-बायकोमधली का असेना, चार लोकांत अजिबात चालणार नाही. एकटा पुरुष आला तर त्याची चौकशी जास्त कडक.

पहिला तास अवघड गेला हे कबूल करते. तंबू ठोकून झाला, सामान लावून झालं, उगाचच पुन्हा लावून झालं, तरी मी आतच. नवरा माझ्याआधी बाहेर पडला आणि पाचच मिनिटांत शेजारच्या माणसाबरोबर तंबूच्या खुंट्या कशा ठोकाव्यात यावर वाद घालू लागला. मी बाहेर आले तेव्हा कुणीही वळून पाहिलं नाही. एक आजी भांडी विसळत होत्या, दोघं-तिघं पत्ते खेळत होते, पलीकडे व्हॉलीबॉलचं जाळं बांधायचं काम चाललं होतं. या लोकांना व्हॉलीबॉलचं वेड का असतं हे मला अजून उमगलेलं नाही. पण अर्ध्या-पाऊण तासात एक गोष्ट मात्र घडली. डोळे थकले. सगळीकडे तेच असलं की डोळ्यांना काम उरत नाही, मग ते आपोआप माणसांच्या चेहऱ्यांवर येऊन बसतात. संध्याकाळी एक नवीन जोडपं पूर्ण कपड्यांत फिरायला आलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे गेल्या. त्यांचाच संकोच होत होता.

अशी ठिकाणं असावीत का, आणि त्यांना कायद्याने संरक्षण असावं का, हा प्रश्न मला लिहायला घेण्याजोगा वाटला तो इथे. एरवी आपण सभ्यतेचं जवळजवळ सगळं काम कपड्यांवर सोपवलेलं असतं. अंग झाकलेलं आहे ना, मग झालं. बघणाऱ्याने कसं बघावं, काय बोलावं, कुणाचा फोटो कधी काढावा, याबद्दल आपण फारसं लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे अंगभर कपड्यांतल्या बाईलाही भर गर्दीत नजरा झेलाव्या लागतात आणि वर तिलाच विचारलं जातं, काय घातलं होतंस? त्या रिसॉर्टमध्ये हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. काहीच घातलेलं नव्हतं. मग जबाबदारी उरली ती फक्त बघणाऱ्याची, आणि ती कागदावर लिहून, सही घेऊन त्याच्या गळ्यात बांधलेली होती. तिथल्या तीन दिवसांत मला ज्या सुरक्षिततेचा अनुभव आला तो नग्नतेमुळे आला असं मी म्हणणार नाही. नग्नतेचे समर्थक तसं म्हणतात, आणि ते चुकतात. तो अनुभव त्या दोन पानांमुळे आला.

आपल्या भाषेला या प्रकाराची सवय नाही. 'नागवणं' म्हणजे लुटणं. 'नागवला गेला' म्हणजे त्याचं सगळं हिरावून घेतलं. उघड्यापाशी नागडं गेलं आणि सारी रात्र हिवानं मेलं, ही म्हण तर थेट दारिद्र्याची आहे. दुसऱ्या टोकाला 'दिगंबर' हा शब्द. तो ज्याने जग सोडलं त्याच्यासाठी. लुटला गेलेला आणि सर्वस्व सोडलेला, या दोघांच्या मध्ये, लुटलंही गेलेलं नाही आणि वैराग्यही आलेलं नाही, नुसतंच उन्हात कपड्यांविना बसून शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे शब्दच नाही. जिथे शब्द नाही तिथे 'निर्लज्ज' हा तयार शब्द चटकन पुढे येतो.

पण लाजेचे दोन प्रकार आपणच केलेले आहेत. जनाची नाही तर मनाची तरी बाळग, असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला ठाऊक असतं की चार लोक पाहतील म्हणून वाटणारी लाज वेगळी आणि आपण काय करतो आहोत हे स्वतःला कळल्याने वाटणारी लाज वेगळी. पहिली कपड्यांबरोबर येते-जाते. दुसरीचा कपड्यांशी संबंध नाही.

कायद्यांनाही या दोहोंत निवड करावी लागते. इंग्लंड आणि वेल्समधला 2003 चा लैंगिक गुन्ह्यांचा कायदा मला इथे शहाणा वाटतो. त्याच्या 66 व्या कलमात नुसतं उघडं असणं हा गुन्हा नाही. कुणीतरी पाहावं आणि त्याला धास्ती किंवा त्रास व्हावा, या हेतूने गुप्तांग दाखवणं हा गुन्हा आहे. म्हणजे तिथे कातडीपेक्षा हेतू मोजला जातो. स्पेनने 1988 मध्ये 'सार्वजनिक बेअब्रू' हा गुन्हाच फौजदारी कायद्यातून काढून टाकला, आणि तेव्हापासून तिथे नग्न असणं हे स्वतःहून फौजदारी अपराध राहिलेलं नाही. पण पुढे 2011 मध्ये बार्सिलोना शहराने आपल्या नियमावलीत बदल करून रस्त्यावरच्या नग्नतेला दंड लावला. दोन्ही निर्णय एकाच देशातले, आणि मला त्यांत विसंगती दिसत नाही. तुरुंगात टाकण्यासारखं ते नाही, पण दूध आणायला निघालेल्या शेजाऱ्याने ते पाहिलंच पाहिजे अशी सक्तीही नाही.

इथे नग्नतेच्या कट्टर पुरस्कर्त्यांशी माझं पटत नाही. ब्रिटनमध्ये स्टीफन गॉफ नावाचा एक माजी सैनिक पायात बूट आणि पाठीवर पिशवी एवढ्यावर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. स्कॉटलंडमध्ये त्याला पुन्हा पुन्हा अटक झाली. सुटला की तुरुंगाच्या दारातच पुन्हा विवस्त्र, पुन्हा अटक. त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षं अशी कोठडीत गेली. अखेर प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये तिथेही तो हरला. मला ती शिक्षा क्रूर वाटते, एका निरुपद्रवी माणसाच्या हट्टापुढे राज्याने दाखवलेला तेवढाच मोठा हट्ट वाटतो. तरीही मूळ मुद्द्यावर न्यायालय बरोबर होतं. गॉफचं म्हणणं असं की माझं शरीर, माझा हक्क. ते खरं आहे, पण अर्धंच. बघायचं की नाही हे ठरवायचा समोरच्याचाही काही हक्क आहे. रिसॉर्टच्या फाटकाचा अर्थ तोच. फाटकाच्या आत जो आला तो पाटी वाचून आला. ब्रायटनच्या किनाऱ्यावर 1980 मध्ये नग्नस्नानासाठी एक पट्टा अधिकृतपणे राखून ठेवला गेला, तोही याच तत्त्वावर. मागच्या वाटेने जाणाऱ्याला आधी कळतं, मग तो ठरवतो. फाटक आणि पाटी या दोन साध्या गोष्टींना मी या सगळ्या वादात सर्वांत जास्त महत्त्व देते. नग्न चळवळीतले जुने लोक त्यांना पारतंत्र्याची खूण मानतात.

'हे नैसर्गिक आहे' हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ते ऐकलं की सावध होते. या चळवळीचा इतिहास पाहिला तर निसर्गाच्या नावाने कुणीही काहीही खपवलेलं आहे. ज्याची नोंद सापडते असा पहिला संघटित नग्नतावादी गट 1891 मध्ये चक्क ठाण्यात निघाला होता. स्थापन करणारे चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे तिथले जिल्हा व सत्र न्यायाधीश, विधुर गृहस्थ. त्यांच्यासकट सभासद तीन. त्याबद्दलची पत्रं ते इंग्लंडमध्ये एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला लिहीत. दिवसा अंगावर झगा चढवून न्यायदान आणि सुट्टीत हा उद्योग, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. मला त्या माणसाबद्दल माया वाटते. ती मंडळी फार काळ टिकली नाही.

जर्मनीत मात्र ते रोप फोफावलं, आणि तिथे त्याला नाना रंगांची फुलं आली. हाइनरिश पुडोर आणि रिचर्ड उंगेविटर हे तिथले सुरुवातीचे मोठे प्रचारक. दोघांच्याही लेखनात सूर्यप्रकाश, आरोग्य आणि वंशशुद्धी हे एकाच दमात येतं. पुडोर तर उघड ज्यूद्वेष्टा होता. दुसरीकडे 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये आडोल्फ कोख हा समाजवादी शिक्षक कामगारांना नग्न कवायतीचे धडे देत होता, कारण गरिबाच्या अंगाला ऊन लागावं आणि सगळे एका पातळीवर यावेत असं त्याला वाटे. नाझी सत्तेवर आले आणि मार्च 1933 मध्ये गोरिंगने नग्नसंस्कृतीविरुद्ध फर्मान काढलं. नंतर त्याच राजवटीने तिचं 'वंशाला उपयोगी' असं रूप चालवून घेतलं. युद्धानंतर पूर्व जर्मनीत पक्षाच्या लोकांनी बाल्टिक किनाऱ्यावरच्या नग्नस्नानाला आवर घालायचा प्रयत्न केला, पण लोक ऐकेनात, आणि 1956 मध्ये ठरावीक जागी परवानगी द्यावी लागली. वंशवादी, समाजवादी, नाझी, कम्युनिस्ट, सगळ्यांनी त्याच उघड्या अंगातून आपापल्याला हवं ते वाचलं. कपडे काढल्याने माणूस समतावादी होतो हे मला कुणी सांगू नये.

फ्रान्समध्ये गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. 1931 मध्ये दुर्व्हिल बंधूंनी, दोघेही डॉक्टर, एका बेटावर वसाहत उभारली ती निसर्गोपचाराच्या अंगाने. मग 1950 मध्ये आल्बेर आणि क्रिस्तीन लेकॉक या दांपत्याने अटलांटिक किनाऱ्यावर मोंतालिव्हेला सुट्टीचं केंद्र काढलं. तत्त्वज्ञान थोडं, तंबू जास्त, कुटुंबांनी यावं, चार दिवस राहावं. तीन वर्षांनी नग्नतावाद्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघही तिथेच स्थापन झाला. आजची 'सहकुटुंब' रिसॉर्टं याच साच्यातून निघालेली आहेत, आणि खरा कठीण प्रश्न याच शब्दाशी येतो.

मुलांना अशा ठिकाणी न्यावं का? यावर चळवळीचं ठरलेलं उत्तर असतं, की मुलांच्या मनात विकृती नसते, ती मोठ्यांच्या मनात असते. उत्तर खरं आहे आणि निरुपयोगी आहे, कारण काळजी मुलांच्या मनाची नसून त्या मोठ्यांचीच आहे. शरीर ही घाण वस्तू नाही, आजीचं अंग सुरकुततं, शस्त्रक्रियेचे व्रण असतात आणि तरी माणसं हसतात-खेळतात, हे आईवडिलांच्या सोबतीने एखाद्या मुलाला सहज कळत असेल तर त्यात मला काही वाईट दिसत नाही. चकचकीत, खोट्या, रंगवलेल्या शरीरांचे फोटो दिवसभर पाहण्यापेक्षा ते नक्कीच बरं. पण हे म्हणायचा अधिकार त्याच ठिकाणाला आहे, जे मुलांच्या संरक्षणाबाबत आपल्याच लोकांवर संशय घ्यायला तयार असतं. येणाऱ्या प्रत्येकाची ओळख तपासणं, मुलांना आईवडिलांच्या नजरेआड न ठेवणं, तक्रार आली तर बभ्रा नको म्हणून ती दाबण्याऐवजी थेट पोलिसांना कळवणं. 'आम्ही सगळे इथे एक कुटुंब आहोत' हे वाक्य जिथे फार ऐकू येतं तिथून मी मुलांना घेऊन निघून जाईन. कुटुंब हा शब्द दारं बंद करायलाही वापरला जातो, हे आपल्याला काय नवीन आहे?

आणि मुलाचं 'नाही' हे 'नाही'च. एका वयानंतर मुलांना संकोच वाटू लागतो. तो त्यांचा स्वतःचा असतो आणि त्याला कुणाच्या विचारसरणीने उत्तर द्यायचं नसतं. आम्ही गेलो होतो तिथल्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं, की अल्पवयीनांना कपडे घालायचं कायम स्वातंत्र्य आहे आणि त्याबद्दल त्यांना कुणी टोकायचं नाही. यायचंच नसेल, तर आईवडिलांनी ओढून आणू नये, हेही लिहायला हवं होतं असं मला वाटलं. एरवी लाज लादली म्हणून तक्रार करणाऱ्यांनी उघडेपणा लादला तर तो जुलूमच.

छायाचित्रांच्या बाबतीत चळवळीचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत. अमेरिकेत इल्स्ले बून या धर्मोपदेशकाने चालवलेलं 'सनशाइन अँड हेल्थ' हे मासिक टपालखात्याने अश्लील ठरवून अडवलं होतं, आणि 1958 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विजय म्हणून तो निकाल सांगितला जातो, आणि प्रौढांपुरता तो आहेही. पण अशा मासिकांतून निरोगी जीवनाचा नमुना म्हणून कुटुंबांचेही फोटो छापले जात. त्यातल्या लहानग्यांना कुणी विचारलं होतं? त्यांच्या वतीने आईवडिलांनी दिलेली संमती ही संमती नव्हेच. आज तर एकदा निघालेला फोटो कुठे जाईल आणि यंत्र त्याचं काय करील याला धरबंध नाही. म्हणून या एका बाबतीत मला सवलत मान्य नाही. प्रसिद्धीसाठी नाही, आठवणीसाठी नाही, चळवळीच्या भल्यासाठी तर नाहीच नाही. जे ठिकाण कॅमेऱ्याबाबत ढिलं, त्याच्यावरची 'सहकुटुंब' पाटी काढून घ्यावी, आणि हे काम त्या ठिकाणांच्या मर्जीवर न सोडता परवाना देणाऱ्याने करावं.

फायद्यांबद्दल थोडक्यात. 2017 मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधल्या कीऑन वेस्ट या मानसशास्त्रज्ञाने 849 ब्रिटिश लोकांच्या पाहणीत असं दाखवलं, की असल्या उपक्रमांत जास्त भाग घेणाऱ्यांना स्वतःच्या शरीराबद्दल आणि आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटतं. पण मुळात ज्यांना आपल्या शरीराची फार खंत नाही तेच तिकडे जाण्याचं धाडस करत असतील, ही शंका नुसत्या पाहणीने जात नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर पोटावरच्या ज्या व्रणाला मी वीस वर्षं झाकत आले, तो तीन दिवसांत कुणाच्याही लक्षात आला नाही. आला असला तर कुणी बोललं नाही. नियमच होता तसा.

आणखी एक गोष्ट जाचली ती एकट्या पुरुषांना मिळणारी वागणूक. कित्येक ठिकाणी त्यांना प्रवेशच मर्यादित असतो. हा अन्याय आहे, आणि मी तो चालवून घेईन. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरचं काप दाग्द हे मोठं नग्नग्राम पुढे जोडीदार बदलणाऱ्यांच्या गर्दीसाठी गाजू लागलं आणि कुटुंबांचा आणि त्या गर्दीचा खटका उडत राहिला. प्रौढांनी आपसांत काय करावं हा माझा विषय नाही, पण एकाच पाटीखाली दोन्ही दुकानं चालत नाहीत. कुठलं चालवायचं ते ठरवावं लागतं, आणि ठरवलं की कुणाला तरी दारातून परत पाठवावं लागतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमोर एकाला असं पाठवलं गेलं. तो तलावाकाठी फोन जरा जास्तच वेळ उभा धरून बसला होता, बस एवढंच. कदाचित बिचारा खरोखरच काही वाचत असेल. कुणी त्याची बाजू घेतली नाही, मीही घेतली नाही.

निघताना दारावरच्या त्याच बाईंनी आमच्या फोनवरचे स्टिकर नखाने खरवडून काढून दिले. त्याचा चिकट गोंद भिंगावर तसाच राहिला. परतीच्या वाटेवर काढलेले सगळे फोटो धुरकट आले आहेत. माणसं आहेत एवढं कळतं, कोण ते ओळखू येत नाही.